मोठी गाडी घेऊ नकोस, असं मी म्हणालो होतो

उटेचा फोन सकाळी आला. "भाऊजी, शशी गेला," एवढंच ती म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत असल्याचा आवाज येत होता... उटे जर्मन आहे. शशीशी लग्न झाल्यावर ती मराठी बोलायला शिकली, आणि त्याचा जुना मित्र म्हणून मला भाऊजी म्हणायला लागली, ते आजपर्यंत. "दुपारी झोपायचा ना, आज सकाळी गेनाउ, अगदी तसाच झोपला होता," ती म्हणाली. "मी उठवायला गेले, आणि..."

दुपारपर्यंत आमच्या जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश आला. शशिकांतकाका यांचे दुःखद निधन झाले, मंडळाच्या पहिल्या दिवसांपासून त्यांनी अपार कष्ट घेतले, वगैरे. आणि मग हे वाक्य : "त्यांच्या हातून झालेल्या चुकीमुळे आपण आपली मूर्ती गमावली, पण आज ते सारे पोटात घालून आपण त्यांचे योगदानच आठवू या." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले. बोट आपोआप गेलं.

नंतर शोकसभा झाली. सर्वांत जुना मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. मी आमच्या पहिल्या भेटीबद्दल बोललो. ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर तांदळाची पिशवी फाटली म्हणून मोठमोठ्याने मराठीत शिव्या देणारा एक तरुण मला दिसला होता, आणि मी धावत जाऊन त्याच्याबरोबर प्लॅटफॉर्मवरचे तांदूळ गोळा केले होते. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी खाली बसलो. त्या चुकीबद्दल मी काही बोललो नाही. ही संधी मी पहिल्यांदा सोडली असं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

शशी मिरजेचा. बागकाम शिकायला तो जर्मनीत आला, वोल्फ्सबुर्गजवळच्या एका खेड्यातल्या रोपवाटिकेत कामाला लागला आणि मालकाच्या मुलीशी, म्हणजे उटेशी, लग्न करून तिथेच राहिला. मी पुण्याचा, इंजिनियर, मोटारींच्या कारखान्यात. माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गाडीला मागे ट्रेलर जोडला की तो कोणत्या वेगाला, कसा भरलेला असला तर डावीउजवीकडे झुलायला लागतो, हे मी चाचणीच्या ट्रॅकवर मोजायचो. नोकरीची बरीचशी वर्षं मी हेच केलं. ट्रेलरची शेपटी हलताना पाहणं हा माझा धंदा होता.

आमच्या मंडळाचा गणपती काळ्या पाषाणाचा होता. वर्गणी काढून तो घडवून घेतला आणि जहाजाने हॅम्बर्गच्या बंदरात उतरवून घेतला. उचलायला सहा माणसं लागत. उत्सव दर वर्षी वेगळ्या शहरात, विसर्जनाला मूर्तीवर नदीचं पाणी शिंपडायचं आणि देव परत आणायचा. पण परत कुठे? सगळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे, एवढं वजन कुठला घरमालक वर चढवू देणार? तेव्हा शशी म्हणाला, "माझ्या काचघरात आणा की. झाडांना ऊब असतीच, देवालाबी मिळंल." तेव्हापासून गणपती त्याच्याकडे राहिला. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत, धुकट काचांमागे, जास्वंदीच्या कुंड्यांमध्ये देव. शशी सकाळी आधी तिथे जायचा. पूजा अशी काही करत नसे. कुंड्यांना पाणी घालता घालता देवाशी बोलायचा, आज थंडी जास्त आहे, या कुंडीला मावा लागलाय, असलं काहीतरी. उटे मला एकदा म्हणाली होती, "माझ्यापेक्षा जास्त बोलतो त्याच्याशी. आल्झो, म्हणजे निदान तो उलट उत्तर देत नाही."

देवाला शहरोशहरी नेण्याचं काम अर्थातच शशीचं. मूर्तीची पेटी, ढोल-ताशे, मखराचं सामान, मोठी भांडी, सगळं एका बंद, चार चाकी ट्रेलरमध्ये. तो ओढायला रोपवाटिकेची जुनी व्हॅन होती. ती तपासणीत नापास झाली, आणि शशीला नवी गाडी घ्यायची वेळ आली. पिकअप घ्यायची हे ठरलेलं होतं, कारण मागच्या उघड्या हौद्यात माती, खत, रोपं टाकता येतात. प्रश्न एवढाच होता, मधल्या आकाराची की मोठी, अमेरिकन.

तो उन्हाळा मला फार स्पष्ट आठवतो. शनिवार आला की शशी मला घेऊन कुठल्या तरी विक्रेत्याकडे जायचा. मधल्या आकाराच्या पिकअप आमच्याच भागात मिळत. मोठी अमेरिकन पाहायला आम्ही हानोफरच्या बाहेर एका माणसाकडे गेलो. तो त्या गाड्या मागवून विकायचा. ती गाडी पाहून शशी तिच्याभोवती हळूहळू एक फेरी मारून आला. "मर्दा, मिरजेत एवढ्या जागेत आमचं सगळं खटलं राहत होतं," तो म्हणाला. उटेने टेप काढून लांबी मोजली आणि जाहीर केलं की आपल्या शेडमध्ये हिचं तोंड आत गेलं तर बूड पावसात राहील. "मग बुडावर छत्री धरू," शशी म्हणाला. तो चालवून पाहायला बसला तेव्हा मी शेजारी होतो. गाव संपून शेतं सुरू झाली तसा तो गंभीर झाला. मला, सुधाकरला, तो सुधाच म्हणायचा. म्हणाला, "सुधा, ही जड हाय. मागनं कुणी वढलं तरी जागची हलणार न्हाई असं वाटतंय बघ."

मी त्याला आकडे सांगितले. जर्मनीच्या कागदांवर दोन्ही गाड्यांना मागे साडेतीन टनच ओढायची परवानगी. मग मोठी कशाला? पेट्रोल पिते, पार्किंगच्या पट्ट्यांत मावत नाही, सुट्या भागांसाठी महिनाभर थांबा. मी चेष्टाही केली. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या गाड्यांची जशी चेष्टा चालायची तशीच, शब्दसुद्धा तेच. शशी ऐकत होता. मग त्याने गाडी एका शेताच्या कडेला थांबवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कागदाचं सोड. आता वय झालंय माझं. पूर्वीसारखं हात-पाय झटकन हलत न्हाईत. मोठी गाडी असली तर माझी बारीकशी चूक ती सांभाळून घेईल का रं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. घेईल. ओढणारी गाडी जितकी जड आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांत जितकं अंतर जास्त, तितकी ट्रेलरची शेपटी तिला कमी हलवू शकते. याच विषयावर मी तरुण इंजिनियरांना शिकवायचो. पण मी हसून म्हणालो, "तू चूक करायचीच कशाला? मधली घे. मी सांगतोय ना."

असं का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तासभर त्या गाडीविरुद्ध बोलून झाल्यावर आता मागे फिरणं मला कमीपणाचं वाटलं, हे एक. आणि दुसरं, जे लिहायला जड जातं... मला त्याचा हेवा वाटायचा. देव त्याच्या घरी होता. लोक मला 'सर' म्हणत आणि त्याला 'आपला शशी' म्हणत. त्या भल्या मोठ्या गाडीतून तो देवाला घेऊन हॉलच्या दारात उतरतो आहे, पोरं तिच्याभोवती गोळा झाली आहेत, हे चित्र मला नको होतं. असला क्षुद्र विचार त्या वेळी स्पष्ट शब्दांत मनात आला नव्हता. पण तो होता.

शशीने मधली घेतली. गाडी चांगली होती, हेही इथे नोंदवतो. एकदोन वर्षं तिने काही तक्रार न करता देव नेला-आणला. शशी ट्रेलर स्वतः भरायचा. पाषाणाची पेटी तो बरोबर चाकांवर, किंचित पुढे ठेवायचा आणि बाकीचं सामान तिच्या मागेपुढे लावायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मातीची पोती वाहून वाहून हाताला कळलं होतं.

मग हॅम्बर्गचा उत्सव आला. तिथे धो धो पाऊस. आम्ही सगळे छत्र्या धरून ट्रेलरच्या मागे उभे, ताशेवाले भिजताहेत, बायका औक्षणाची तबकं पदराखाली झाकून थांबल्या आहेत, आणि शशी आधी पातेली काढतोय, मग ढोल, मग खुर्च्या... देव सगळ्यांच्या मागे. कुणीतरी म्हणालं, बाप्पा अडगळीत बसलाय. ते मला लागलं. पुढच्या बैठकीत मी उभा राहून बोललो. घरात देव पहिल्यांदा येतो, पातेली नंतर. तेव्हा यापुढे मूर्ती शेवटी चढवायची, दाराशी, म्हणजे दार उघडल्याबरोबर आधी देव उतरेल. टाळ्या पडल्या. शशी म्हणाला, "मागं जड हुईल ट्रेलर." कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. सरांचा तर हाच विषय. मी म्हणालो, "ते मी बघतो."

पुढचा उत्सव स्टुटगार्टला होता. ज्या दिवशी निघायचं त्या सकाळी काचघरासमोर आरती झाली, नारळ फुटला, सहा जणांनी पेटी उचलून ट्रेलरच्या मागच्या टोकाला, दाराशी ठेवली, आणि घरी जाऊन पुढे रेल्वेने यायचं म्हणून ते पांगले. उरलो शशी, उटे आणि मी. शशी ट्रेलर गाडीला जोडायला वाकला आणि थांबला. "सुधा, हिकडं ये जरा." त्याने ट्रेलरचा पुढचा दांडा, जो गाडीच्या हुकावर बसतो, तो एका हाताने उचलून दाखवला. सहज, बादली उचलावी तसा. "हे बरोबर न्हाई," तो म्हणाला. "हुकावर वजनच न्हाई काय."

मला ते एका नजरेत कळलं. भरलेला ट्रेलर, आणि दांडा एका हाताने उचलला जातोय, म्हणजे सगळं वजन शेपटाकडे गेलं आहे. ट्रॅकवर असा ट्रेलर आम्ही मुद्दाम भरायचो, तो कधी उलटतो ते पाहण्यासाठी. तेव्हा त्याला गजांचा पिंजरा बांधलेला असायचा... मी काय करायला हवं होतं? माणसांना परत बोलवायचं, पेटी उतरवायची, आतलं सगळं काढून पुन्हा भरायचं. पण नारळ फुटला होता, मुहूर्त झाला होता, आणि तो नियम माझा होता. टाळ्या मला पडल्या होत्या. मी म्हणालो, "ऐंशीच्या आत राहा. काही होत नाही." शशीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हनतोस म्हंजे बरूबर," आणि दांडा हुकावर टाकला. त्याचा आवाजसुद्धा हलका आला.

शशी आणि उटे पिकअपमध्ये पुढे, मी माझ्या गाडीतून मागे. कासेलच्या डोंगरांपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे हमरस्ता लांब उतारावर जातो. मी त्याच्या इतका मागे होतो की ट्रेलरच्या दारावर लावलेलं झेंडूचं तोरण मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वेगाचा काटा होता, आणि तो ऐंशीच्या खाली होता. म्हणजे शशीही ऐंशीच्या खाली होता. हे मी इथे पुन्हा लिहितो : तो ऐंशीच्या खाली होता. मालाच्या लॉऱ्या आम्हाला ओलांडून जात होत्या. अशी एक लॉरी त्याच्या शेजारून गेली आणि तिच्या वाऱ्याने ट्रेलरची शेपटी थोडी डावीकडे सरकली. मग उजवीकडे, त्याहून थोडी जास्त. मग पुन्हा डावीकडे...

हे झुलणं मी उभ्या आयुष्यात असंख्य वेळा पाहिलं होतं. कागदावर त्याची रेघ कशी वाढत जाते ते मला डोळे मिटून काढता येतं. कोणत्या झोक्यानंतर परत फिरता येत नाही हे मला माहीत होतं, आणि तो झोका माझ्या समोर आला आणि गेला. मी गाडीत एकटाच ओरडत होतो, सोड, ॲक्सिलरेटर सोड. जड गाडी असती तर तिने ती शेपटी धरून ठेवली असती का? बहुतेक. खात्रीने सांगता येत नाही, आणि हे 'बहुतेक' मला सोडत नाही. ट्रेलरने पिकअपचं मागचं अंग उचलल्यासारखं आडवं फेकलं, स्वतः उलटला, आणि दोन्ही मिळून कठड्याला घासत थांबले. मागचं दार उघडलं होतं. देव खरोखरच सगळ्यांत आधी बाहेर आला होता.

शशीचा खांदा मोडला. उटेला खरचटलं. मूर्तीचे तुकडे रस्त्यावर होते, आणि शशी एक हात लोंबकळत असताना दुसऱ्या हाताने ते गोळा करत होता. पोलीस त्याला मागे ओढत होते आणि तो त्यांना मराठीत सांगत होता, थांबा, थांबा जरा.

त्यानंतरच्या मंडळाच्या बैठकीला शशी हात गळ्यात बांधून आला. अध्यक्ष तेव्हा प्रणव होता, पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, मुलगा वाईट नव्हे. तो म्हणाला, "काका, प्लीज रागावू नका, पण लोक विचारताहेत. स्पीड किती होता?"

"ऐंशीच्या आत," शशी म्हणाला.

"काका, ऐंशीला कुणी असं उलटतं का?"

"मी शेजारी होते," उटे म्हणाली. "मी काटा बघत होते. ऐंशी नव्हता."

"मावशी, तुम्ही घाबरला असाल त्या वेळी, साहजिक आहे..." मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही तर मागेच होतात. तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. ऐंशीच्या आत होता असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : मग उलटला कसा? आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. शशीला तो प्रश्न दिसत होता की नाही मला माहीत नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता, स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी म्हणालो, "मी बऱ्यापैकी मागे होतो. मला नीट दिसलं नाही."

एवढंच. मी त्याच्यावर आरोप केला नाही. फक्त दिसलं नाही म्हणालो. उटेने माझ्याकडे पाहिलं, मग तिने मान खाली घातली. कुणीतरी विचारलं, एवढ्या वजनाला ही छोटी गाडी घेतलीच कुणी? शशी लगेच म्हणाला, "मीच घेतली. मला मोठी परवडंना." ते खोटं होतं. त्याने मोठीसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते, मला माहीत होतं.

खंडित मूर्ती पूजेत ठेवता येत नाही. ती हॅम्बर्गहून बोट घेऊन समुद्रात सोडली. शशीला कुणी बोलावलं नाही. मी होतो. नवी मूर्ती कागदाच्या लगद्याची आली, हलकी, कुणाच्याही गाडीत मागच्या सीटवर मावणारी, आणि ती शशीकडे राहायला गेली नाही. काचघरातली ती जागा त्याने रिकामीच ठेवली. जास्वंदी मात्र लावत राहिला, आणि उत्सवाच्या आदल्या दिवशी फुलांची टोपली पाठवत राहिला. स्वतः आला की हॉलच्या दाराशी उभा राहायचा, जिथे लोक चपला काढतात तिथे. आत ये म्हटलं की म्हणायचा, "हितनं दिसतंय की." नवीन आलेल्या मुलांना त्याची ओळख करून दिली जायची ती अशी : हे शशीकाका, यांच्या हातून तो ॲक्सिडेंट... मी आत, पुढच्या रांगेत, पाटावरच्या देवासमोर बसलेला असायचो.

माझ्याकडे तो येतच राहिला. मिरचीची रोपं आणायचा, कुमुदशी, माझ्या बायकोशी, गप्पा मारायचा. "अहो, हे शशीभाऊजी गप्प गप्प असतात हल्ली," कुमुद मला म्हणायची. त्या दांड्याचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मी वाट बघायचो. आज काढेल, आज मला शिव्या देईल, आणि मग मी मोकळा होईन. त्याने ती सोय मला दिली नाही. फक्त एकदा, निघताना, जिन्यात थांबून म्हणाला, "सुधा, पुढच्या बारीला मोठीच घिऊ." आणि हसला. मीही हसलो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत वाईट हसू असेल.

शोकसभेनंतर काही दिवसांनी उटेने मला बोलावलं. अपघातानंतर दुरुस्त करून घेतलेली तीच पिकअप शेडमधून बाहेर काढायची होती. ती बरेच दिवस बंद होती आणि उटेला ती चालवायची इच्छा नव्हती. मी चावी घेऊन आत बसलो. ती शेजारी येऊन बसली, का कोण जाणे. गाडी सुरू केली आणि मागे घ्यायची म्हणून आरशात पाहिलं तर मला काही कळेना. मग लक्षात आलं. ट्रेलर ओढताना बाजूच्या आरशांना लांब दांड्यांचे जादा आरसे जोडतात, ट्रेलरच्या मागचं दिसावं म्हणून. ट्रेलर नसेल तेव्हा ते काढून ठेवायचे असतात. ते अजून जोडलेलेच होते. शशीने अपघातानंतर कधीही काही ओढलं नव्हतं.

"हे काढले नाहीत?" मी विचारलं.

"नाही," उटे म्हणाली. "मी म्हणायचे, मेन्श, अरे बाबा, काढ ना, शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागतात. तो बाजारात जाताना पण मागे बघायचा. मागे काही नव्हतं, भाऊजी. तरी बघायचा. सारखा."

मी गाडी बंद केली. आणि तिथे, त्या सीटवर बसून, मी तिला सगळं सांगितलं. शेताच्या कडेला थांबलेली मोठी गाडी, पेटी दाराशी ठेवायचा नियम, एका हातात उचललेला दांडा. माझ्या गाडीचा काटा. शेवटी ते वाक्य, मला नीट दिसलं नाही.

ती जर्मनमध्ये बोलायला लागली. मराठी शिकल्यापासून ती माझ्याशी जर्मनमध्ये कधी बोलली नव्हती. तिने मला भाऊजी म्हटलं नाही, माझं नाव घेतलं आणि एकेरीवर आली. "तू पाहिलं होतंस," ती म्हणाली. "तू नाही म्हणालास, आणि मी घरी येऊन विचार केला की सुधाकर इंजिनियर आहे, तो खोटं बोलणार नाही. म्हणजे मीच चुकीचं पाहिलं. भीतीने पाहिलं. मी शशीला विचारलं, खरं सांग, किती होता? मी. त्याच्या बायकोने त्याला विचारलं." तिने समोरच्या काट्यावर बोट ठेवलं. "इथे होता. मी सांगितलं होतं, इथे होता."

"त्याने काय उत्तर दिलं?" मी विचारलं.

"तो म्हणाला, जाऊ दे."

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, नाकारलीही नाही. दार उघडून उतरली, काचघराच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. उघड्या खिडकीतून, पुन्हा मराठीत, म्हणाली, "हे लिहा. त्या लोकांनी वाचायला पाहिजे. आणि मला मराठी वाचता येत नाही, म्हणून छापायच्या आधी मला वाचून दाखवा. इथे बसून. या गाडीत."

उद्या दुपारी मी जाणार आहे. लिहिताना दोनदा वाटलं की अमुक ठिकाणी एखादं वाक्य सौम्य करावं. केलं नाही, कारण ती शेजारी बसून ऐकणार आहे आणि तिला सगळं माहीत आहे. पिकअप अजून शेडमध्येच आहे. त्या दिवशी मी सीट माझ्या उंचीप्रमाणे पुढे घेतली होती, ती उतरताना परत मागे ढकलून ठेवली. आरशांना हात लावला नाही. ते त्याने जसे लावले होते तसेच आहेत, दोन्ही बाजूंनी आत वळलेले, आणि त्यांत गाडीच्या मागची ट्रेलरएवढी रिकामी जागा अगदी स्वच्छ दिसते.